हिरव्या मखमलीची ओळख

आषाढ लागला की खोपोलीजवळील साजगावचा परिसर हिरवा होतो. विहिरींचे कठडे, झाडांची खोडे व ओढ्याकाठचे काळे पाषाण यांवर जे जे चढते, त्यास सरसकट ‘शेवाळ’ म्हणण्याची रूढी आहे. वस्तुतः त्यात तीन निराळे प्रकार असतात.

पहिले खरे शेवाळ. ते बुळबुळीत, पाय घसरविणारे असून त्यात खोड व पान असा भेद नसतो. दुसरे दगडफुलाच्या जातीचे. दगडफूल किराणा व्यापाऱ्यास मसाल्याचा जिन्नस म्हणून परिचित आहेच; बुरशी व शैवाल यांच्या सहजीवनातून ते घडते. तिसरी हरिता, अर्थात मॉस. तिचा स्पर्श मखमली असून भिंगातून इवलेसे खोड व पाने स्पष्ट दिसतात.

सावलीतील ओलसर मातीच्या दरडीवर ‘फिसिडेन्स’ ही हरिता सह्याद्रीत वारंवार आढळते. तिची पाने खोडाच्या दोन्ही बाजूंस पिसाप्रमाणे एका पातळीत असतात आणि प्रत्येक पानाचा बुडखा दुमडून खिशासारखा होतो. दगडी बांधकामावर वाढणाऱ्या ‘हायोफिला’ची पाने वाळताच आत वळतात व पाणी शिंपडताच पुन्हा उलगडतात. सबब, वाळलेली हरिता मृतच आहे असे समजू नये.

हरितेस खरी मुळे नसतात. धाग्यांसारख्या मूलाभांनी ती आधार धरते व पाणी सर्वांगाने शोषते. तिला फूल नाही, बी नाही. दांडीवरील कुपीतून बीजाणू उडतात. तिच्या नरपेशींना पाण्याच्या थरातून पोहत जावे लागते, म्हणूनच ओलावा हेच तिचे वसतिस्थान.

चातुर्मासात हिरवळीवर पाय पडू नये म्हणून वाट बदलणाऱ्या कुटुंबांतही गच्चीवरील हिरवा थर काढण्यासाठी अ‍ॅसिड ओतले जाते. त्या थरात आश्रय घेतलेले सूक्ष्म जीवही त्यासोबत जातात. ही विसंगती टाळणे अवघड नाही. वैशाखातच गच्चीचा उतार सुधारावा, पन्हळ मोकळी करावी, भेगा बुजवाव्यात. पाणी साचले नाही, तर थर सहसा धरत नाही आणि मारण्याचा प्रसंगच येत नाही. दरडीवरील हरिता मात्र माती धरून ठेवते. तिला तिच्या जागी राहू द्यावे. जयणा म्हणजे केवळ जपून पाऊल टाकणे नव्हे, तर हिंसेचे निमित्त आधीच दूर करणे होय.