अस्थिमज्जेच्या नोंदणीत आमचा समाज कुठे आहे?

१४ एप्रिलला आमच्या विहारांतून, वस्त्यावस्त्यांतून रक्तदान शिबिरे होतात. ती व्हायलाच हवीत. पण जिथे रक्ताची पिशवी पुरत नाही, शरीरातला रक्त तयार करणारा कारखानाच बदलावा लागतो, तिथवर आमची चळवळ अजून पोचलेली नाही. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया आणि विदर्भातल्या आमच्या घराघरांना ठाऊक असलेला सिकलसेल, या आजारांत अनेक रुग्णांना मुळापासून बरे करण्याचा मार्ग अस्थिमज्जा प्रत्यारोपणातून म्हणजे बोन मॅरो बदलण्यातून जातो. भारतात हे प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरू झाले. चाळीस वर्षे उलटली, तरी दाता कसा शोधतात हे आमच्यातल्या शिकलेल्यांनाही सांगता येत नाही.

इथे रक्तगट जुळण्याची अट नसते. जुळावी लागतात ती पेशींवरची एचएलए नावाची ओळखचिन्हे. ती अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून येतात. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. (सिकलसेलचा केवळ वाहक असलेला भाऊ किंवा बहीणही रुग्णाला मज्जा देऊ शकते, हे घरोघरी सांगायला हवे.) अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपणे होतात, पण त्यात गुंतागुंत जास्त. घरात कोणीच जुळले नाही की दात्यांच्या नोंदणीकडे धाव घ्यावी लागते. जगभरात असे ४ कोटींहून अधिक दाते नोंदलेले आहेत, पण त्यांत भारतीय फार थोडे.

आता मुद्द्याचे बोलू. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवर निबंध वाचला आणि जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, असे सिद्ध केले. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१३ साली, हैदराबादच्या सीसीएमबीतील आणि हार्वर्डमधील संशोधकांनी जनुके तपासून दाखवले की या देशातले लोक हजारो वर्षे एकमेकांत मिसळत होते आणि सुमारे १९०० वर्षांपूर्वी ही सरमिसळ जवळपास थांबली. दार बंद झाले ते तेव्हापासून. परिणाम असा की एचएलएचे नमुने त्या त्या बंद कप्प्यात साठत गेले आणि आमच्या मुलाला जुळणारा दाता आमच्याच आसपासच्या समाजात सापडण्याची शक्यता अधिक.

यावरून कोणी मनुवादी ‘बघा, जातीजातीचे रक्त वेगळेच’ म्हणून टाळ्या पिटेल, तर त्याने थांबावे. कोणत्याही जातीचे स्वतःचे असे रक्त नाही. वेगळ्या जातीतला, वेगळ्या देशातलाही माणूस जुळू शकतो आणि जुळतोही. बंद दाराचा हा हिशेब आहे, शुद्धतेचा नव्हे. दार उघडण्याचा बाबासाहेबांनी सांगितलेला उपाय आंतरजातीय विवाहाचा, आणि तो आम्हाला मान्यच आहे. पण आज खाटेवर पडलेल्या लेकराला पुढच्या चार पिढ्यांची वाट पाहता येत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदणीचेच आकडे पाहा. तिथे गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के, कृष्णवर्णीयाला २९. नोंदणीत ज्याचे लोक कमी, त्याचा रुग्ण मागे. आपल्याकडे चेन्नईची दात्री ही संस्था २००९ पासून नोंदणी करते, इतरही संस्था आहेत. पण शिबिरे होतात ती बहुधा आयटी कंपन्यांत आणि मोठ्या महाविद्यालयांत. उत्तर नागपूरच्या वस्तीत किंवा भंडाऱ्याच्या विहारात असे टेबल कितीदा लागले?

आणि भीती कसली? नोंदणीसाठी गालाच्या आतून कापूस फिरवतात, बस्स. जुळले तर बहुतेक वेळा पाच दिवस इंजेक्शने देऊन हाताच्या शिरेतून रक्त काढून त्यातल्या पेशी वेगळ्या करतात. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने मज्जा घेतात. पाठीच्या मणक्याला हातही लावत नाहीत. दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून निघते. मात्र शिबिरात हौसेने नाव देऊन ऐन वेळी मागे फिरणे हे नाव न देण्यापेक्षा वाईट, कारण तोवर पलीकडच्या घरात आशा लागलेली असते. घरच्यांशी बोलूनच नाव द्यावे.

सरकारलाही सोडता कामा नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि थॅलेसेमियाचा समावेश आहे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तिचा रोख आदिवासी भागावर आहे आणि तो रास्तच आहे. पण विदर्भातल्या बौद्ध आणि इतर अनुसूचित जातींतही हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, त्यांची मोजदाद कोण करणार? तपासणी करून कार्ड हातात दिले की काम संपले असे नव्हे. परक्या दात्याकडून प्रत्यारोपणाचा खर्च लाखांच्या घरात जातो. पैसा नाही या सबबीवर वैद्यकीय सेवा देण्याचे घटनात्मक कर्तव्य शासनाला टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात बजावले आहे. रुग्ण आणि भावंडांची एचएलए तपासणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मोफत व्हावी, ही मागणी याच निकालावर उभी राहते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. पुस्तकांच्या स्टॉलशेजारी नोंदणीचे एक टेबल मावणार नाही का? १८ ते ५० वयाचे निरोगी तरुण-तरुणी तिथे हजारोंनी असतात. संयोजन समित्यांनी नोंदणी संस्थांना आतापासून पत्रे पाठवावीत. परवानगीच्या कागदपत्रांचे काम समाजातील वकिलांनी अंगावर घ्यावे. आम्ही तयार आहोत.