सही मागण्याआधी

परळच्या मोठ्या रुग्णालयांत अतिदक्षता विभागाच्या दारात भर रात्री प्रश्न येतो, ‘व्हेंटिलेटर लावायचा का? लवकर सांगा.’ आत ऐंशीच्या घरातले बाबा असतात. मधुमेह, रक्तदाब, थकलेलं हृदय, अर्धवट चालणारी मूत्रपिंडं आणि त्यात न्यूमोनिया. बाहेर फायलींची पिशवी घेऊन उभा मुलगा ‘नाही’ कसं म्हणणार? तो सही करतो.

म्हातारपणी आयसीयू नकोच, असं म्हणणं साफ चूक आहे. दादरच्या मंडईतून स्वतः भाजी आणणारा ऐंशीचा माणूस न्यूमोनियातून उठून घरी जाऊ शकतो. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्याची गोष्ट वेगळी. वयापेक्षा आजारापूर्वीची ताकद मोलाची असते. डॉक्टर ती १ ते ९ अशा श्रेणीत मोजतात. पण जिवावर बेतलेलं टळलं तरी बाबा कोणत्या अवस्थेत घरी येतील, हे मुलाला क्वचितच कोणी सांगतं. पडून राहिल्यावर थोड्याच दिवसांत स्नायू झिजतात. दाखल करताना चष्मा, कवळी, श्रवणयंत्र नातेवाइकांच्या हवाली होतं. आत रात्रभर दिवे, यंत्रांचे आवाज. नीट दिसत नाही, ऐकू येत नाही. बाबांना भ्रम होतो, ते नळ्या उपसतात, मग हात बांधले जातात. चष्मा आणि श्रवणयंत्र परत द्यायला एक पैसा लागत नाही, तरी ते पिशवीतच राहतं! आणि अशा अवस्थेत परतायचं ते घर म्हणजे लालबागच्या चाळीत तिसरा मजला, लाकडी जिना, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास.

असा कृत्रिम आधार नाकारण्याचा किंवा काढण्याचा देशातला कायदा परळमधूनच सुरू झाला. केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यानंतर २०१५पर्यंत भान हरपलेल्या अवस्थेत तिथेच होत्या आणि परिचारिकांनी त्यांना जिवापाड जपलं. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली, कठोर अटींवर, कृत्रिम आधार काढण्याची वाट उघडली. स्वतः अरुणांना काय हवं होतं, हे विचारणं मात्र शक्यच नव्हतं. २०१८मध्ये न्यायालयाने ‘लिव्हिंग विल’, म्हणजे शेवटच्या उपचारांबद्दलची इच्छा शुद्धीत असताना लिहून ठेवणं, मान्य केलं. २०२३पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरेसे आहेत.

तरी किती घरांत हा विषय निघतो? आईबाबांसमोर मरणाचं बोलणं अभद्र वाटतं, आणि डॉक्टरांना वेळ नसतो.

हे बोलणं ओपीडीत व्हायला हवं. साखरेच्या गोळ्या न्यायला हाच रुग्ण ठरावीक दिवशी शुद्धीत, स्वतःच्या पायांनी येतो. मशीन लावलं तर किती दिवस प्रयत्न करायचा, गुण आला नाही तर काय, हे तेव्हा त्यालाच विचारावं आणि केसपेपरवर लिहावं. मशीन नको म्हणणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं नसतं. धाप आणि वेदना कमी करणारी औषधं शेवटपर्यंत द्यायची असतात, हेही त्याच वेळी सांगावं. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरला हे जमणार नाही, हे मान्य. महापालिकेने केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांत त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका आणि समाजसेवक नेमावेत, आणि सुरुवात मधुमेह व मूत्रपिंडाच्या ओपीडीपासून करावी.