तिलारी ते काळी : सरहद्दीवरील अरण्याच्या संयुक्त व्यवस्थेविषयी निवेदन

प्रति,
माननीय केंद्रीय गृहमंत्री,
अध्यक्ष, पश्चिम व दक्षिण विभागीय परिषदा,
नवी दिल्ली.

विषय : महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक यांच्या सरहद्दीवरील सलग वनासाठी संयुक्त मंडळ नेमण्याबाबत.

महोदय,

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यातील सरहद्दीवरच्या गावांत राहणारे आम्ही खाली सह्या करणारे ग्रामस्थ हे निवेदन आपणांस सादर करीत आहोत. ज्या रानाच्या आधाराने आमच्या पिढ्या नांदल्या, ते तीन सरकारांच्या दप्तरांत निरनिराळ्या नावांनी नोंदलेले असले तरी भूमीवर एकच आहे. तिलारीचे खोरे, सत्तरीतील म्हादई अभयारण्य, खानापूरचे भीमगड आणि त्यापलीकडील काळी व्याघ्र प्रकल्प ही सह्याद्रीची एकच वनश्री होय. गोव्याने म्हादईला १९९९ साली, कर्नाटकाने भीमगडाला २०११ साली आणि महाराष्ट्राने तिलारीला २०२० साली संरक्षण दिले. ही तिन्ही कृत्ये स्तुत्य खरीच. परंतु प्रत्येक सरकारने ती आपापल्या सवडीने व आपापल्या नकाशावर केली, आणि जेथे नकाशा संपला तेथे जबाबदारीही संपली.

याचा प्रत्यय आम्हांस हत्तींच्या बाबतीत येतो. २००२ साली कर्नाटकातून हत्ती या जिल्ह्यात उतरले, तेव्हापासून भात पोटरीला आले की आमची रात्र माळ्यावर जाते. एका रात्रीत केळीची बाग आडवी होते. लावल्यापासून पोसलेला माड हत्ती कपाळाने रेटून पाडतो, त्याचा कोवळा गाभा तेवढा खातो आणि पुढच्या माडाकडे वळतो. मग पलिते, फटाके व डबे घेऊन हाकारा होतो, जनावर सरहद्दीपलीकडे गेले म्हणजे अलीकडच्या अंमलदारांचे काम सरते, पलीकडच्या गावात पुन्हा तोच हाकारा होतो, आणि काही दिवसांनी तेच जनावर अधिक बिथरून आमच्या शेतात परत उभे राहते. सकाळी पंचनामा होतो, परंतु भरपाईचे दर व रीत राज्यागणिक निराळी असल्याने एकाच जनावराने केलेल्या सारख्याच नुकसानीचे मोल ओढ्याच्या दोन काठांना दोन तऱ्हांनी ठरते. या पशूंचा आम्हांस द्वेष नाही. त्यांची वाट कोणती व ती कशी मोकळी ठेवावी, हे तीन राज्यांच्या वनाधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरवावे, एवढेच आमचे मागणे आहे.

वणव्याचीही तीच कथा. मार्च २०२३ मध्ये म्हादईचे रान पेटले, तेव्हा नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी घेऊन धावली. तत्पूर्वी फाल्गुनातच जाळरेषा सरहद्दीच्या दोन्ही अंगांनी एकमेकींस जुळवून काढणे आणि वणव्याची वर्दी शेजारच्या वनरक्षकास तत्काळ पोचविणे, ही कामे कितीतरी अल्प खर्चाची आहेत. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत एक वाघीण व तिचे तीन बछडे विषप्रयोगाने मेले, ही हानीही एकट्या गोव्याची मानणे आम्हांस योग्य वाटत नाही, कारण वाघाचा वावर या तिन्ही मुलखांत आहे. दोडामार्गात रबर व अननसाच्या लागवडीसाठी डोंगर उघडे झाले, त्याची झळ पलीकडच्या रानालाही पोचणारच.

आता हे गाऱ्हाणे आपल्यापुढेच का मांडावे, ते सांगतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने ज्या विभागीय परिषदा निर्माण झाल्या, त्यांत महाराष्ट्र व गोवा पश्चिम परिषदेत, तर कर्नाटक दक्षिण परिषदेत आहे. म्हणजे ज्या तीन राज्यांचे रान एक, त्यांची बैठक मात्र एक नाही. तथापि दोन्ही परिषदांचे अध्यक्षपद आपल्याकडेच आहे, आणि परिषदांच्या संयुक्त बैठकीची तजवीज त्याच कायद्यात आहे. तिलारीचे धरण महाराष्ट्र व गोवा यांनी संयुक्तपणे उभारले. मार्च २०२४ मध्ये बंडीपूर येथे कर्नाटक व केरळ यांनी मनुष्य-वन्यप्राणी संघर्षाविषयी सहकार्याचा करार केला. पाण्यासाठी व दुसऱ्या सरहद्दीवर जे शक्य झाले, ते येथे अशक्य मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

यास्तव आमची मागणी अशी की, दोन्ही परिषदांची संयुक्त बैठक बोलावून तीन राज्यांच्या वनखात्यांचे एक कायम मंडळ नेमावे, आणि त्यास नुसता सल्ला देण्याचा नव्हे, तर निर्णयाचा व खर्चाचा अखत्यार असावा. जाळरेषा, हत्तींचे मार्ग आणि लाकूडवाहतुकीच्या परवान्यांची तपासणी यांचा एकच आराखडा त्याने करावा व भरपाईचा दर तिन्हीकडे समान ठेवावा. प्रतिपूरक वनीकरण निधीचा काही अंश या आराखड्याकडे वळवून, जो शेतकरी आपल्या मालकीचे रान न तोडता राखतो त्यास वर्षासन द्यावे; कारण रबराचे उत्पन्न सोडून किंजळ व ऐन राखणाऱ्या माणसाला केवळ उपदेशावर दिवस काढता येत नाहीत. सर्वांत आग्रहाची गोष्ट ही की, वनहक्क कायदा, २००६ अन्वये रान राखण्याचा अधिकार ज्या ग्रामसभांना मिळाला आहे, त्यांचे प्रतिनिधी या मंडळावर मताधिकारासह असावेत. रात्री पहिला हाकारा आम्हीच देतो आणि वणव्यावर पहिली ओली डहाळी आम्हीच मारतो.

मंडळाची पहिली बैठक येत्या फाल्गुनापूर्वी दोडामार्ग येथे व्हावी. तिन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांस सरहद्दीवरील वाटा दाखविण्यास आम्ही हजर राहू.

कळावे,

आपले विश्वासू,
दोडामार्ग तालुक्यातील सरहद्दीवरील गावांचे ग्रामस्थ

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : मा. वनमंत्री, महाराष्ट्र, गोवा व कर्नाटक राज्ये.