तंगी लपवल्याने वाढते

धंद्यात नुकसान ही नवी गोष्ट नाही. आपल्या जालन्याच्या बाजाराचे पोट शेतकऱ्यावर आहे. पाऊस गेला की घरखर्चातली पहिली कात्री कपड्याला लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा दुकानातली थाने घडी न मोडता पडून राहिली. पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटबंदी आली, जुलै २०१७ पासून कापडावर जीएसटी लागला आणि त्यानंतर २०२० व २०२१ अशा लागोपाठ दोन ईदा कोरोनाच्या बंदीत गेल्या. कापडवाल्याचा वर्षाचा हिशेब ईद आणि लग्नसराई यांवर चालतो. माल भरला उधारीवर आणि ऐन रमजानात शटर खाली, अशी गत अनेकांची झाली.

त्या धक्क्यातून काही बांधव अजून वर आलेले नाहीत. त्यांच्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो.

नुकसानीने माणूस बसतो, हे अर्धेच खरे आहे. त्यानंतर तो स्वतःलाच नालायक समजू लागतो, तेव्हा खरा बसतो. वडिलांनी जमवलेली पेढी माझ्या हाताने बुडाली, मला धंदा जमतच नाही, असे एकदा मनात बसले की तो लपवू लागतो. सुरतच्या किंवा मालेगावच्या व्यापाऱ्याचा फोन उचलत नाही. घरी विचारले तर ‘सब ठीक है’. जुने देणे फेडायला गुपचूप ब्याजाने पैसे उचलतो. मशिदीतही मागच्या दाराने निघतो, कारण पुढच्या सफमध्ये घेणेकरी उभा असतो! तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, ठोक व्यापारी उशिरा आलेल्या पैशावर जेवढा चिडत नाही, तेवढा न उचललेल्या फोनवर चिडतो.

आपल्याच जिल्ह्यातील शेलगावच्या अन्सार शेख यांचे नाव सर्वांना माहीत आहे. २०१५ ची यूपीएससी परीक्षा ते पहिल्याच प्रयत्नात, वयाच्या एकविसाव्या वर्षी उत्तीर्ण झाले; निकाल मे २०१६ मध्ये लागला. वडील रिक्षा चालवणारे, आई शेतात मजुरी करणारी. लहानपणी त्यांची शाळा सोडवण्याची वेळ आली होती, शिक्षकांनी वडिलांना समजावले म्हणून ती टळली. पुण्यात राहायला जागा मिळेना, तेव्हा मित्राचे नाव स्वतःचे म्हणून सांगावे लागले, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. आपल्या नावानेच दार बंद होत असेल, तर तरुण मुलाच्या मनात काय काय येत असेल!

लोक ही हकीकत हुशारीची म्हणून सांगतात. मी व्यापारी माणूस, मी विचारतो की भांडवल कोणाचे? धाकटा भाऊ सातवीनंतर शाळा सोडून गॅरेजमध्ये कामाला लागला होता आणि त्याच्या कमाईने घराला आधार दिला. (त्या भावाची शाळा सुटली हा तोटाच आहे, तो जमेत धरू नये.) पण असा भार वाटून घ्यायचा, तर घरात किती येते आणि किती कमी पडते, हे सर्वांना माहीत असावे लागते. आपल्याकडे मात्र बाप कर्जात असतो आणि त्याच वेळी मुलगा नवी मोटारसायकल मागत असतो. दोष मुलाचा नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार ठेवावेत, हा हुकूम ज्या आयतीत आहे ती कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. तिच्या थोडे आधी, सूरह बकरातच, अडचणीतल्या देणेकऱ्याला मुदत देण्यास सांगितले आहे. म्हणजे तंगी येणार हे गृहीत धरले आहे. मग ती आली म्हणून तोंड लपवण्याचे कारण काय?

तेव्हा वही काढा. बायकोला आणि मोठ्या मुलाला समोर बसवा. कोणते नुकसान जमान्याने केले आणि कोणते आपल्या हातचे, हे दोन रकान्यांत वेगळे लिहा. बहुतेकांचा पहिला रकाना मोठा निघेल. दुसऱ्यातले जे असेल ते सुधारता येते. रेडिमेडने ज्या दर्जी बांधवांचे काम नेले, त्यांच्यापैकी शाळेच्या गणवेशाकडे आणि ब्लाऊजकडे वळलेले टिकले आहेत. शर्ट-पँट सुटली म्हणून त्यांचा हात गेलेला नाही.

मग घेणेकऱ्याकडे तो येण्याआधी स्वतः जा. सर्वच ऐकतील असे नाही, कोणी चेकची केसही टाकेल. एकट्याने जाऊ नका, बाजारातले दोन जाणते बरोबर घ्या आणि दरमहा जेवढे खरोखर देता येईल तेवढाच आकडा बोला. जाण्याची वेळही पाहावी. रमजानच्या तोंडावर कोणाला ऐकायला सवड नसते. दिवाळीनंतर सोयाबीन-कापूस विकून गावाकडची आपली उधारी थोडी वसूल होते, तेव्हा पहिला हप्ता खिशात घेऊनच जावे.