शिवी मराठीत, फिर्याद तेलुगूत

आदिलाबादच्या मराठी माणसाच्या तोंडी एका दिवसात किमान तीन भाषा येतात. तहसील कचेरीत तो मोडक्यातोडक्या तेलुगूत 'गारू' लावून बोलतो, बाजारात दखनी हिंदीत व्यवहार करतो आणि पैनगंगेकाठच्या आपल्या शेतात पाऊल टाकताच मराठीवर येतो. शिवीही याच क्रमाने चालते. कचेरीत ती गिळली जाते. बाजारात ती बरोबरीच्या माणसाला हिंदीत दिली जाते, तीही अर्धी थट्टेत. सालगड्यावर, निंदणाऱ्या बाईवर, घरातल्या सुनेवर मात्र ती निखळ मराठीतच बरसते. वरच्याला परभाषेतला आदर आणि खालच्याला मायबोलीतली शिवी, अशी ही वाटणी आहे. आणि मराठीच्या रक्षणासाठी व्यासपीठे गाजवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना तिची लाज वाटते.

वाटणी जुनी आहे, हे खरे. परळ येथे सापडलेल्या शिलाहार राजा अपरादित्याच्या बाराव्या शतकातील शिलालेखात दानाचा मजकूर संस्कृतात आहे. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढवाशी जोडणारा शाप मात्र मराठीत आहे. असे शाप कोरलेल्या शिळांना गद्धेगाळ म्हणतात. व्यवहार राजमान्य भाषेत आणि शिवी लोकभाषेत, हे तेव्हाही होतेच. परंतु त्या काळी शिवी जशीच्या तशी दस्तऐवजात उतरत असे. आज आमच्या जिल्ह्यात ती उतरत नाही, आणि आमचा वाद नेमका इथे आहे.

शिवीगाळ झालेली बाई ठाण्यात येते, आपल्या मराठीत घडले ते सांगते. लिहून घेणारा तेलुगूत एक ओळ लिहितो : 'अश्लील शब्दांत शिवीगाळ केली.' कोणते शब्द? कागद मुका असतो. कधी कोणी कामसू निघालाच, तर भाषांतर करतो आणि घोटाळा वाढवतो. 'रांडेच्या' हा शब्द घ्या. समवयस्क मित्रांत तो जवळिकीने चालतो, पारावर त्यावर कोणी वळूनही पाहत नाही. त्याचे शब्दशः तेलुगू रूप कागदावर आले की थट्टेचाही गुन्हा होतो. उलट, विधवेला तोंडावर 'रांडमुंडे' म्हटले जाते तेव्हा घाव तिच्या वैधव्यावर असतो. भाषांतरात ती वेश्या ठरते आणि मूळ घाव पुसला जातो. दोष तेलुगूचा नाही. तिच्यात 'मुंडा' हा याच जखमेचा शब्द आहे. दोष ऐकून न घेण्याचा आहे. जातीच्या नावाला चिकटणारा 'ड्या' हा प्रत्यय तर भाषांतरात गळूनच पडतो. नाव उरते, तुच्छता जाते. आणि खटला त्या तुच्छतेवरच उभा असतो.

हा भाषाभिमान्यांचा हळवेपणा नव्हे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, 1989 च्या कलम 3(1) मधील आर आणि एस या उपकलमांचा गाभाच उच्चारलेला शब्द आहे : अपमानाचा हेतू, जातीच्या नावाने शिवी, लोकांच्या नजरेसमोरचे स्थळ. रमेशचंद्र वैश्य विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली, त्यामागे एक कारण हेच होते की जातिवाचक म्हणून कोणते उद्गार निघाले हे कागदपत्रांत कुठेच नव्हते. विरोधी पक्षाचे वकील फियोना श्रीखंडे खटल्याचा 2013 चा निकाल पुढे करतील, की तक्रारीत नेमके शब्द असलेच पाहिजेत असा कायदा नाही. बरोबर आहे. पण तो निकाल जुन्या दंड संहितेच्या कलम 504 खाली, म्हणजे आजच्या न्याय संहितेच्या कलम 352 खाली, प्रक्रिया सुरू करण्यापुरता आहे. साक्षीपुराव्याच्या दिवशी उलटतपासणीत पहिला प्रश्न शब्दाचाच येतो, आणि दोन वर्षांपूर्वीचा शब्द फिर्यादीला शपथेवर आठवावा लागतो.

1956 पूर्वी किनवट आणि राजुरा हे आदिलाबादचेच तालुके होते. आज तीच शिवी किनवटच्या ठाण्यात फिर्यादीच्या तोंडून निघाली तशी देवनागरीत लिहिता येते. हद्दीच्या अलीकडे तिचे 'अश्लील शब्द' होतात. राज्यांच्या सीमेने एवढाही फरक करावा?

काही मित्र म्हणतात, 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आता तिची घाण तेलुगू अधिकाऱ्यांपुढे कशाला मांडता? या मित्रांना शिवी देणाऱ्याची लाज वाटत नाही, ती लिहून घेणाऱ्याची वाटते. सभेत 'माय मराठी' म्हणायचे आणि बांधावर मजुराच्या मायचा उद्धार करायचा, या सोयीला अभिजाततेचे पांघरूण घालू नका. बायका समोर असल्या की जीभ आवरणारे पुरुषही आम्ही पुष्कळ पाहतो. त्यांच्या शिव्यांतली आईबहीण बाहेर अंगणात मात्र सुरक्षित नसते.

मार्ग कायद्यातच आहे. संविधानाच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 312 नुसार साक्षीदार न्यायालयाच्या भाषेहून वेगळ्या भाषेत बोलला, तर शक्य असल्यास त्याच भाषेत जबानी घेता येते, नाहीतर खरे भाषांतर तयार करावे लागते. म्हणून बेला, जैनथ, तामसी, तलमडुगूच्या बांधवांना आमचे सांगणे आहे की फिर्याद लेखी न्या, देवनागरीत न्या आणि शब्द लिहा, कितीही घाण असला तरी. तोंडी सांगत असाल तर तो शब्द अवतरणचिन्हात घालायला लावा. वाटल्यास तेलुगू लिपीत, पण मराठीच. कलम 173 नुसार नोंद तुम्हांला वाचून दाखवणे बंधनकारक आहे आणि तिची प्रत फुकट मिळते. वाचून दाखवताना तो शब्द ऐकू आला नाही, तर सही करण्याआधी तो घालून घ्या.