आठ कपांची परीक्षा

कपात दूध आधी घातले की चहा आधी, हे नुसत्या चवीवरून ओळखता येईल? इंग्लंडच्या रोदमस्टेड शेती संशोधन केंद्रातील म्युरिएल ब्रिस्टल या बाई ‘हो’ म्हणाल्या, असे सांगतात. (आपल्याकडे सारे एकाच पातेल्यात उकळते, वादच मिटला!) तेथील संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी मात्र हे हसण्यावारी नेले नाही. १९३५ सालच्या पुस्तकात त्यांनी अशा दाव्याची परीक्षाच मांडली.

आठ कप, चारांत दूध आधी, चारांत नंतर. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. बाईंनी दूध आधीचे चार ओळखायचे. सुरुवातीला धरून चालायचे, की त्यांना काहीच ओळखता येत नाही. तसे असेल तर आठांतून चार कप निवडण्याच्या ७० तऱ्हांपैकी अचूक एकच. नुसत्या नशिबाने ती साधणे कठीण. साधली, तर आपले गृहीतच सोडावे.

आणि चारांतला एक चुकला तर? तीन बरोबर येण्याच्या तऱ्हा तब्बल १६! म्हणजे ७० पैकी १७ वेळा अंदाजानेही एवढे किंवा याहून चांगले जमते. तेव्हा दावा मान्य नाही. नव्या औषधाचा गुण खरा की योगायोग, हेही याच रीतीने तपासतात. मात्र बाई खोट्या ठरल्या, असेही म्हणता येत नाही. पुरावा अपुरा पडला, इतकेच.