राजद्वारीं कोण उभें राहतें?

बांधव कोणास म्हणावें हें सांगतांना आपल्या जुन्या सुभाषितकारांनीं राजद्वार आणि स्मशान हीं दोन स्थळें मुद्दाम जोडलीं आहेत. स्मशानाचें कर्तव्य आपण अजून पाळतों. राजद्वाराचें, म्हणजे कोर्टाचें व तुरुंगाचें, मात्र सोयीस्करपणें विसरतों. आणि तेथें उभी असलेली व्यक्ति स्त्री असेल तर हें विसरणें आपणांस कुलीनपणाचें लक्षण वाटतें.

सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ अखेर भारतांतील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शेंकडा सुमारें चार. त्यांपैकीं १,५३७ जणींजवळ मिळून १,७६४ मुलें होतीं. सुप्रीम कोर्टाच्या २००६ सालच्या निकालाप्रमाणें मूल सहा वर्षांचें होईपर्यंतच तुरुंगांत आईजवळ राहूं शकतें. पुढें कायदा संस्थेचें दार दाखवितो. घराचें दार आप्तांनींच उघडावयाचें असतें.

असा आधार कोणास किती आहे, हें मोजण्याचीं साधनें मानसशास्त्रज्ञांनीं केलीं आहेत. अमेरिकेंतील झिमेट व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेली प्रश्नावली त्यांत सुपरिचित आहे. तींत बारा विधानें आहेत : चार कुटुंबाविषयीं, चार मित्रांविषयीं आणि चार एखाद्या विशेष जवळच्या व्यक्तीविषयीं. प्रत्येक विधानास एकपासून सातपर्यंत गुण द्यावयाचे. जन्मभर गुण देण्याचेंच काम केलेल्या मला प्रथम हें हास्यास्पद वाटलें. मायेस का गुण देतां येतात? परंतु विचारांतीं पटलें कीं, जें मोजलें जात नाहीं त्याची उणीवही कोणाच्या ध्यानीं येत नाहीं.

मात्र आपल्याकडे हें माप लावतांना सावधगिरी हवी. विवाहितेस 'कुटुंब' एक नसतें; माहेर व सासर अशीं दोन असतात, आणि पुष्कळदां त्यांपैकीं एक फिर्यादीच्या बाजूस असतें. मैत्रीण विचारावी, तर संसारांत पडल्यावर तिला मैत्रीण उरलेलीच नसते. शिवाय पहारेकरीण जवळ असतां दिलेलें उत्तर मोकळें कसें असावें? आणि सर्वांत मोठा भेद हा कीं, आधार आहे असें वाटणें निराळें व तो प्रत्यक्ष मिळणें निराळें.

हा भेद मीं ग्रंथांत शिकलों नाहीं. आमच्या घरीं अकरा वर्षें स्वयंपाकास येणाऱ्या एका बाईंस सुनेच्या मृत्यूच्या प्रकरणांत अटक झाली. चौदा महिने त्या आंत होत्या. पुढें निर्दोष सुटल्या. त्या काळांत आमच्या घरांतून एकही माणूस त्यांस भेटावयास गेलें नाहीं. "निकाल लागूं द्या, मग पाहूं," असें मीच म्हणालों होतों. सुटल्यावर त्या एकदां येऊन गेल्या. कसलाही राग नव्हता. बोलतां बोलतां म्हणाल्या, "मास्तर, पहिले सहा महिने भेटीच्या दिवशीं मी केस विंचरून बसत असें. पुढें तें सोडून दिलें."

पहिल्या महिन्यांत ती प्रश्नावली त्यांच्यापुढें ठेवली असती, तर त्यांनीं आमच्या घरास सात गुण दिले असते. सहा महिन्यांनीं एक. म्हणून हें माप एकदांच घेऊन भागत नाहीं. पुनःपुन्हां घ्यावें, आणि त्याच्या शेजारीं भेटींची नोंदवही उघडून ठेवावी. कोण आलें, पत्र कोणीं धाडलें, जामीन कोण राहिलें, मूल कोणाकडे आहे, हींच त्या गुणांची खरी पडताळणी.

वाचकहो, अपराध ठरविणें कोर्टाचें काम आहे. तें आपण आपल्या ओटीवर बसून करूं नये. आपल्या ओळखीची एखादी स्त्री आज आंत असेल, तर या आठवड्यांत तिला चार ओळी लिहा, आणि पुढच्या भेटीच्या दिवशीं घरांतील कोणीतरी जा. मीं ते चौदा महिने गमावले. ते आतां कोणत्याही मापानें भरून येणार नाहींत.